१९६५ सालच्या तीन सह्या



२०२५ च्या जून महिन्यात कोल्हापूरच्या माझ्या आतेभावाचा फोन आला. दादा जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, गारगोटीला ट्रेनिंग केलेला, आणि त्या दिवसांत फार तापलेला. पहिलीपासून हिंदीचा वाद तेव्हा ऐन भरात होता. (एप्रिल आणि जूनचे ते दोन्ही शासन निर्णय सरकारने पुढे २९ जूनला मागे घेतले, हे आपल्याला ठाऊक आहेच.) २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावर अर्धा तास बोलून झाल्यावर त्याने विचारलं, "अरे, तुमच्या अमेरिकेचं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण काय आहे?"

मी म्हटलं, "नाहीच."

"मग शाळा चालतात कशा?"

चाळीस वर्षं इथे काढून, दोन मुलं इथल्या सरकारी शाळांतून काढून, मला धड उत्तर देता आलं नाही. "डिस्ट्रिक्ट चालवतं, प्रॉपर्टी टॅक्सवर" एवढंच सांगितलं. मग हिवाळाभर थोडं वाचलं. त्यातलं आपल्या कामाचं वाटलं ते इथे लिहितो आहे. मी इतिहासाचा माणूस नाही, इंजिनिअर आहे. चुकलं असेल तर जाणकारांनी कान धरावा.

पहिली गोष्ट म्हणजे अमेरिकेच्या राज्यघटनेत 'शिक्षण' हा शब्दच नाही. घटनेने जे केंद्राला दिलं नाही ते राज्यांचं, असं १७९१च्या दहाव्या दुरुस्तीने सांगून टाकलं. त्यामुळे वॉशिंग्टनला शाळा-कॉलेजात हात घालायचा तर दर वेळी काहीतरी निमित्त लागतं. कधी जमीन, कधी युद्ध, कधी रशिया, कधी गरिबी. इथल्या 'राष्ट्रीय धोरणा'चा इतिहास म्हणजे या निमित्तांचा इतिहास, असं माझं मत झालं आहे.

जमिनीचं निमित्त सगळ्यात जुनं. १७८५च्या कायद्याने पश्चिमेकडच्या जमिनीची मोजणी ठरली: प्रत्येक टाउनशिपचे ३६ चौकोन, प्रत्येक चौकोन एक चौरस मैलाचा, आणि त्यातला सोळावा शाळेसाठी राखून ठेवलेला. मग १८६२. यादवी युद्ध पेटलेलं, दक्षिणेकडचे खासदार उठून गेलेले, आणि त्यांच्या गैरहजेरीत जस्टिन मोरिल नावाच्या व्हरमाँटच्या सदस्याचं बिल पास झालं. लिंकनने २ जुलैला सही केली. काँग्रेसमध्ये राज्याचे जितके सदस्य, तितके गुणिले ३०,००० एकर जमीन. ती विकून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारं कॉलेज काढायचं. मोरिल स्वतः पंधराव्या वर्षी शाळा सोडून दुकानात लागलेला माणूस. हा कायदा सर्वांत आधी स्वीकारला आयोवाने.

आणि त्याच आयोवात १९८६च्या ऑगस्टमध्ये दोन सुटकेस आणि एक प्रेशर कुकर घेऊन मी उतरलो. असिस्टंटशिप होती, ट्यूशन माफ. 'लँड ग्रँट' हे शब्द पाटीवर रोज दिसायचे आणि मला वाटायचं, कुणा मिस्टर ग्रँटने जमीन दिली असेल! आपल्यापैकी किती जणांची पहिली दोन वर्षं अशाच युनिव्हर्सिट्यांत गेली ते मोजा: पर्ड्यू, टेक्सस ए अँड एम, इलिनॉय, ओहायो स्टेट, पेन स्टेट. आपण मोरिलचं मीठ खाल्लं आहे.

पण ती जमीन आली कुठून? २०२० साली 'हाय कंट्री न्यूज' या नियतकालिकाने एकेक तुकडा शोधून नकाशावर मांडला. सुमारे १ कोटी ७ लाख एकर, जवळजवळ अडीचशे मूळ अमेरिकन जमातींकडून करारांनी, दडपणाने, किंवा नुसती बळकावून घेतलेली. माझी ट्यूशन माफ झाली ती शेवटी कुणाच्या खिशातून, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

हा प्रश्न आपल्याकडे एका माणसाने फार आधी विचारला होता. मुंबई विद्यापीठ १८५७चं, म्हणजे मोरिल कायद्याच्या पाच वर्षं आधीचं. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात मुद्दा हाच: सरकारचा पैसा येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. त्याच फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेच्या लोकांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. पुण्यात बसून अमेरिकेकडे इतक्या नेमक्या नजरेने पाहणारा दुसरा माणूस त्या काळात मला दिसत नाही.

प्रत्यक्ष येऊन पाहणाऱ्या पंडिता रमाबाई. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला आल्या आणि जवळपास तीन वर्षं राहिल्या. बालवाडीच्या फ्रोबेल पद्धतीचं शिक्षण घेतलं, गावोगाव व्याख्यानं दिली, पैसे जमवले आणि परत जाऊन १८८९ साली 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक काढलं. त्यात शिक्षणावर वेगळं प्रकरण आहे. आपल्या मंडळांच्या स्मरणिकांत 'माझा अमेरिका प्रवास' छापणाऱ्या सगळ्यांची ही आद्य आजी, आणि खरं सांगायचं तर नंतरच्या बहुतेकांपेक्षा तिची नजर तीक्ष्ण. न्याहारीला काय खाल्लं यापेक्षा शाळेचा खर्च कोण करतं याची चौकशी तिने जास्त केली.

त्यानंतरचा दुवा नामदार गोखल्यांचा. १९१० साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडताना त्यांनी देशोदेशींचा दरडोई खर्च समोर ठेवला: अमेरिकेत १६ शिलिंग, हिंदुस्थानात जेमतेम एक पेनी. १९११ मध्ये बिल आणलं, ते १९१२च्या मार्चमध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. बडोद्याला मात्र सयाजीरावांनी १८९३ पासून अमरेलीत प्रयोग करून १९०६ साली संस्थानभर सक्ती लागू केलेली होती. त्याच वर्षी ते अमेरिकेत येऊन गेले, पुढे १९१० मध्ये इथला ग्रंथपाल बॉर्डन याला बडोद्याला घेऊन गेले, आणि १९१३ साली आपल्या खर्चाने भीमराव आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. तिथे त्यांना जॉन ड्यूई भेटले. यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, मी भर घालत नाही.

आता युद्धाचं निमित्त. १९४४चं जी.आय. बिल हे खरं तर परतणाऱ्या सैनिकांना बेकारीपासून वाचवण्यासाठी होतं. साधारण बावीस लाख माजी सैनिक त्यावर कॉलेजात गेले आणि कॉलेज म्हणजे श्रीमंतांची पोरं हे समीकरण मोडलं. (काळ्या सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, यातलं फार थोडं मिळालं.) मग ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक उडाला. अकरा महिन्यांत, २ सप्टेंबर १९५८ ला, आयझेनहॉवरने एका कायद्यावर सही केली, त्याचं नावच 'राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा'. बीजगणिताच्या पुस्तकांना पैसे द्यायचे तर त्यांना तोफांच्या शेजारी बसवावं लागलं! विज्ञान, गणित आणि परदेशी भाषा यांच्यासाठी चार वर्षांत सुमारे एक अब्ज डॉलर. विद्यार्थ्यांना सरकारी कर्ज देण्याची पद्धतही इथूनच सुरू झाली.

त्यातल्या 'परदेशी भाषा' या दोन शब्दांनी मराठीला इथे दार उघडलं. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत दक्षिण आशियाच्या अभ्यासाला याच पैशाने बळ आलं. एलिनॉर झेलियट यांचा आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध १९६९चा, पेनसिल्व्हेनियाचा. गेल ऑम्वेट यांचा ब्राह्मणेतर चळवळीवरचा १९७३चा, बर्कलीचा. आणि पुस्तकांची गोष्ट तर गंमतशीर आहे. पी.एल. ४८० खाली आपण अमेरिकेचा गहू आणि मिलो रुपयात विकत घेत होतो. ते रुपये भारतातच साठायचे. १९६२ पासून त्यातून भारतीय पुस्तकं खरेदी करून इथल्या लायब्रऱ्यांना पाठवायला सुरुवात झाली. आयोवातल्या पहिल्या थंडीत घरची आठवण असह्य झाली की मी आंतरग्रंथालयातून मराठी कादंबऱ्या मागवायचो. आतल्या पानावर त्या योजनेचा शिक्का असायचा. आमची आई ज्या रेशनच्या लाल गव्हाला नावं ठेवत पोळ्या लाटायची, त्या गव्हाच्या पैशातून आलेली पुस्तकं मी तिथे गोधडीत बसून वाचली. हा हिशेब तिला फोनवर सांगितला तेव्हा ती म्हणाली, "मग निदान पुस्तकं तरी बरी निघाली."

आता १९६५. शीर्षकातल्या तीन सह्या याच वर्षातल्या, तिन्ही लिंडन जॉन्सनच्या.

पहिली, ११ एप्रिल. टेक्ससमध्ये स्टोनवॉलजवळ जॉन्सन ज्या एका खोलीच्या शाळेत चौथ्या वर्षी गेला होता, तिच्या समोर टेबल मांडून त्याने प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण कायद्यावर सही केली. शेजारी त्याच्या पहिल्या बाई, केट डेड्रिक लोनी. हा माणूस विशीत असताना कोटुला नावाच्या गावात मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवायचा. ती मुलं उपाशी शाळेत यायची हे त्याने पुढे अनेकदा सांगितलं. कायद्याची युक्ती साधी होती. शाळेला पैसे म्हटलं की राज्यांचे हक्क आडवे येत, चर्चच्या शाळांचं काय हा वाद येई. म्हणून पैसे गरीब मुलांच्या संख्येवर दिले. जिथे गरीब मूल, तिथे पैसा. यालाच 'टायटल वन' म्हणतात. दुसरा परिणाम त्याहून मोठा झाला. शाळांतला वर्णभेद सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्येच बेकायदा ठरवला होता, तरी दहा वर्षांनी दक्षिणेत शंभरातली जेमतेम दोन काळी मुलं गोऱ्यांबरोबर शिकत होती. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने सांगितलं की भेदभाव कराल तर केंद्राचा पैसा बंद. आणि बंद करण्याजोगा पैसा शाळांकडे आला तो या १९६५च्या कायद्याने. कोर्टाने दहा वर्षांत जे जमवलं नाही त्यातलं बरंचसं पुढच्या काही वर्षांत चेकने जमवलं.

दुसरी सही ३ ऑक्टोबरची, स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी. हा शिक्षणाचा कायदाच नव्हे, इमिग्रेशनचा. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसं. आपण सगळे, किंवा आपल्याला ज्यांनी स्पॉन्सर केलं ते, या सहीतून आलो. तिसरी ८ नोव्हेंबरची, जॉन्सनच्या स्वतःच्या जुन्या कॉलेजात, सॅन मार्कोसला: उच्च शिक्षण कायदा, म्हणजे शिष्यवृत्त्या आणि सरकारी हमीची कर्जं. आपल्या मुलांच्या कॉलेजच्या वेळी रात्री जागून भरलेल्या त्या 'फाफ्सा' फॉर्मचा मूळपुरुष.

सात महिन्यांत तिन्ही. गंमत अशी की आपल्याला फक्त मधली आठवते.

अगदी याच काळात दिल्लीत कोठारी आयोग बसला होता, १९६४ ते ६६. बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत सगळ्याचा एकत्र विचार करणारा तो स्वतंत्र भारताचा पहिला आयोग. त्याचे सदस्य-सचिव आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, ज्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं. दादाची भक्ती तिथली! आणि आयोगाच्या परदेशी सदस्यांत एक अमेरिकन होता, रॉजर रेव्हेल, मुळात समुद्रशास्त्रज्ञ. वातावरणातल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल सुरुवातीला बोलणाऱ्यांपैकी एक. आयोगाने दोन गोष्टी ठामपणे मागितल्या: राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, आणि शेजारच्या सगळ्या मुलांनी एकाच शाळेत जावं अशी समान शाळा उभी करा. १९६८चं धोरण आलं, १९८६चं आलं, २०२०चं आलं. ६ टक्क्यांचं वचन प्रत्येकात आहे. गाठलं एकदाही नाही. समान शाळेचं तर आता कुणी नावही काढत नाही.

दादाला अमेरिकेकडून अशीच एक टक्केवारी सांगावी म्हणून शोधली, ती सापडली. १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला. प्रत्येक मुलाला त्याला साजेसं मोफत शिक्षण, त्यासाठी लेखी वैयक्तिक आराखडा, आणि आईबापांचा त्यावर हक्क. जादा खर्चाचे ४० टक्के केंद्र देईल असं ठरलं. २००९च्या मंदीतलं एखादं अपवादाचं वर्ष सोडलं तर ते निम्म्यापर्यंतही पोचलेलं नाही. पण कायदा टिकला. आमच्या गावातलं एक कुटुंब १९९८ साली सगळं आवरून पुण्याला परत निघालं होतं, तिकिटंसुद्धा काढली होती. धाकट्याला ऑटिझम आहे असं निदान झालं आणि ते राहिले. दर वर्षी शाळेच्या लांबलचक टेबलाभोवती सात-आठ माणसं त्या एका मुलाबद्दल दोन तास बोलतात, हे त्या माउलीने मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, जॉन्सनच्या आणि नाईकांच्या स्वप्नाचा थोडासा तुकडा या टेबलावर खरा झाला आहे. ज्यांची घरं या कायद्यावर उभी आहेत अशी आपल्यातली कुटुंबं कमी नाहीत; ती बोलत नाहीत इतकंच.

उलट बाजूही सांगतो. १९७३ साली सॅन अँटोनिओच्या एजवूड भागातल्या पालकांच्या खटल्याचा सुप्रीम कोर्टात निकाल लागला. १९६७-६८ साली एजवूडला दर मुलामागे सगळे मिळून ३५६ डॉलर होते, त्याच शहरातल्या अलामो हाइट्सला ५९४. आणि कराचा दर एजवूडचा जास्त! गरीब वस्तीत घरांची किंमतच कमी, तर कर कितीही लावा, पैसा येणार कुठून? कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितलं की शिक्षण हा अमेरिकन घटनेतला मूलभूत हक्क नाही, सबब यात आम्ही पडत नाही. भारतात २००२च्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्क झाला आणि २०१०च्या एप्रिलपासून कायदा लागू झाला. हक्क आहे पण शाळा धड नाही, आणि शाळा धड आहे पण हक्क नाही. दादाला हे वाक्य फार आवडलं, मला म्हणताना जरा लाज वाटली.

लाज अशासाठी की आपण सगळे अलामो हाइट्सवाले. घर घेताना मी किचन नंतर पाहिलं, स्कूल डिस्ट्रिक्ट आधी. आणखी एक कबुली. मुलीला शाळेत घालताना फॉर्मवर प्रश्न होता, घरी कोणती भाषा बोलता? हा प्रश्न १९७४च्या एका निकालातून आलेला आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांना इंग्रजी न समजता वर्गात नुसतं बसवून ठेवत, म्हणून तो खटला झाला होता. ज्यांच्यासाठी तो हक्क मिळवला गेला त्यांच्यातलेच आपण. पण आधीच्या मंडळींनी सल्ला दिला, 'मराठी' लिहू नकोस, उगाच इंग्रजीच्या परीक्षेला बसवतात, वेगळ्या वर्गात टाकतात. मी 'इंग्लिश' लिहिलं. धाकट्याच्या वेळीही तेच. रविवारी मराठी शाळेत 'मातृभाषा जपा' म्हणून भाषण करणारा मीच! आमच्या डिस्ट्रिक्टच्या तक्त्यात मराठी बोलणारी मुलं किती, या रकान्यात कित्येक वर्षं जो आकडा होता तो अशा बापांनी केलेला आहे.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे, भराभर सांगतो. १९८३ मध्ये 'ए नेशन अ‍ॅट रिस्क' अहवालाने देश बुडतोय अशी हाकाटी केली. निमित्त या वेळी जपानचं. ८ जानेवारी २००२ ला बुशने 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड'वर सही केली: तिसरी ते आठवी दर वर्षी परीक्षा, आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुलं पास. असं उद्दिष्ट लिहिणाऱ्याने वर्गात एक दिवसही काढला नसावा. मात्र काळ्या, गरीब, अपंग मुलांचे निकाल वेगळे छापायला लावले, त्यामुळे चांगल्या शाळांचीही झाकली मूठ उघडी पडली, हे श्रेय त्याला द्यायला हवं. २०१५ मध्ये तो कायदा बदलून सूत्रं पुन्हा राज्यांकडे गेली. आणि २० मार्च २०२५ ला, जे केंद्रीय शिक्षण खातं १९७९च्या कायद्याने निर्माण झालं, ते बंद करण्याच्या दिशेने पावलं टाकण्याचा राष्ट्राध्यक्षांचा आदेश निघाला. त्याच महिन्यात तिथले जवळपास निम्मे कर्मचारी कमी करण्याचं जाहीर झालं होतं. खातं पुरतं बंद करायला काँग्रेसचा कायदा लागतो. पण चेक लिहिणारा कारकूनच घरी गेला तर टायटल वन आणि त्या लांबलचक टेबलाचं काय, हे त्या माउलीने मला विचारलं. मला सांगता आलं नाही.

हे सगळं दादाला परवा फोनवर तासभर सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुमच्याकडे निमित्त आणि आमच्याकडे धोरण. तुझ्या नातीला कुठल्या शाळेत घालणार ते सांग."

मुलगी सध्या घर शोधते आहे. काल तिची लिंक आली: चार बेडरूम, आणि खाली शाळेचं रेटिंग, १० पैकी ९. "बाबा, काय वाटतं?" असं विचारलंय. अजून उत्तर दिलेलं नाही.